ती चिठ्ठी पाकिटातून बाहेर काढा

वाचकाचं पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून आणि बदलून, थोडक्यात देत आहे.

*ताई, नमस्कार. माझं वय ४३. इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा धंदा आहे. आप्पांनी चार मागांवर सुरू केला, आज चोवीस आहेत. मी आणि धाकटा भाऊ दोघं बघतो. गेली तीन वर्षं धंद्याचं काही खरं नाही. सुताचा भाव आज एक, उद्या एक. कापडाचं पेमेंट चार-चार महिने येत नाही, वीजबिल मात्र वेळेवर. भावाला जुने माग भंगारात घालून कर्जावर नवीन शटललेस माग घ्यायचेत. आधीचंच कर्ज माझ्या नावावर आहे. आप्पा दोघांचं ऐकून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.*

*घरात आईचं आणि मिसेसचं पटत नाही. मिसेस म्हणते, वेगळं राहू. मी म्हणतो, आत्ता वेगळं निघालो तर गाव म्हणेल धंदा बुडाला म्हणून घर फुटलं. दिवाळीच्या आधी एका रात्री जेवताना हाच विषय निघाला. माझं डोकं फिरलं आणि मी पाण्यानं भरलेला तांब्या भिंतीवर फेकला. कुणाला लागलं नाही. माझी मुलगी आठवीत आहे. ती काही न बोलता उठली, फडकं आणलं आणि फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी मिसेस तिला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेली. मुलगी तिथूनच एसटीनं शाळेला येते. मिसेस फोनवर एकच सांगते, 'आपण दोघं समुपदेशकाकडे जाऊ, मग मी परत यायचं बघते.'*

*मला पहाटे तीनला जाग येते म्हणजे येतेच. छातीत धडधड, तळहाताला घाम. कोल्हापूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हे टेन्शनचं आहे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. चिठ्ठीपण दिली. दोन महिने झाले, ती पाकिटातच आहे. झोप यावी म्हणून रात्री थोडी घेतो. आता जवळजवळ रोजच. कधी कधी वाटतं, आपण नसलो तर निदान विम्याच्या पैशातून कर्ज तरी फिटेल. असो.*

*माझे प्रश्न असे. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो तर वेड्याचा शिक्का बसेल का? उद्या वाटणीच्या वेळी भाऊ म्हणाला की याचं डोकं ठिकाणावर नाही, तर? तिथं बोललेलं बाहेर जातं का? गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात, खरं का? आणि स्पष्टच सांगतो, आमच्या घरातलं भांडण तिसरा माणूस येऊन काय मिटवणार? भावकीतल्या दोन बैठका झाल्या, काही उपयोग झाला नाही.*

*– एक यंत्रमागधारक*

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच शब्दापाशी अडले. विम्याच्या पैशाचं ते वाक्य लिहून पुढं तुम्ही 'असो' लिहिलंत. आपल्याकडे 'असो' म्हटलं की विषय मिटला. मला तो मिटवता येत नाही. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला वेगळं कळवलं आहे. तरी इथंही लिहिते, कारण असं वाक्य मनात म्हणून पुढं 'असो' म्हणणारे बरेच जण हे वाचत असतील.

सरळ विचारते. जीव देण्याचा विचार मनात येतो का? येत असेल तर नुसता येऊन जातो, की कसं आणि कधी इथपर्यंत गेलाय? असं थेट विचारलं की नसलेलं खूळ माणसाच्या डोक्यात शिरतं, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारणारं कुणी भेटलं की बहुतेकांचा अडकलेला श्वास सुटतो, हे समुपदेशनाच्या माझ्या कामात मी इतक्या वेळा पाहिलंय की विचारायला आता मला जराही संकोच वाटत नाही.

उत्तर 'हो' असेल, किंवा 'नक्की सांगता येत नाही' असं असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी फोन घ्या आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला जाग आली तर तेव्हासुद्धा. विचार फारच जवळ आलाय असं वाटलं तर फोनवरही थांबू नका, कुणाला तरी सोबत घ्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि आजच्या आज एका माणसाला हे सांगा. भावाला नको वाटत असेल तर मित्राला सांगा. 'मला रात्री एकट्याला राहू देऊ नको' एवढं म्हटलं तरी पुरे. ज्या वस्तूकडे बघून तसा विचार येतो ती त्याच मित्राच्या ताब्यात द्या.

तुम्ही धंद्यातले आहात, म्हणून हे वाक्यही तुम्ही हिशेबासारखंच मांडलंय. एका बाजूला कर्ज, एका बाजूला विमा. थकलेलं मन असाच हिशेब मांडतं. त्यात घेण्याच्या रकमा धरलेल्याच नसतात. एसटीनं शाळेला येणारी मुलगी त्यात नाही. परत यायचं बघते म्हणणारी बायको त्यात नाही. पहाटे तीनच्या मनानं लिहिलेल्या वहीवर सही करू नका, दादा. ती वही दिवसा, दुसऱ्या कुणासमोर उघडा.

आता तुमच्या शरीराबद्दल. छातीत धडधडलं तेव्हा आधी हृदय तपासून घेतलंत, हे अगदी योग्य केलंत. तपासण्या नॉर्मल आल्यावर बरेच जण म्हणतात, 'म्हणजे मला काही झालंच नाही.' झालंय. धडधड खरी आहे, घाम खरा आहे. सततच्या ताणात शरीर धोक्याच्या तयारीत राहतं आणि रात्रीसुद्धा ती तयारी उतरत नाही. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं ही नैराश्याच्या आजारातली डॉक्टरांच्या चांगली ओळखीची खूण आहे. तुम्हाला नैराश्य आहे की चिंतेचा आजार, की दोन्ही, हे पत्रावरून मी ठरवणार नाही, ठरवूही नये. पण त्या हृदयाच्या डॉक्टरांनी हेच ओळखून चिठ्ठी दिली होती.

आणि ती रात्रीची 'थोडी'. दारूनं झोप लागते हे खरं, पण उतरायला लागली की उत्तररात्रीची झोप तीच मोडते. तुम्हाला तीनला जाग येते त्यात तिचाही वाटा असू शकतो. रोज घेणाऱ्यानं एका झटक्यात बंद करणं काहींना त्रासाचं होऊ शकतं, म्हणून किती घेता हे डॉक्टरांना खरं सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं कमी करा. आकडा कमी करून सांगू नका. सगळेच तसं सांगतात आणि डॉक्टरांना ते माहीत असतं.

वेड्याच्या शिक्क्याबद्दल तुम्ही जे विचारलंय त्यात दोन भीती एकात एक अडकल्यात. एक लोकांची, दुसरी वाटणीची. दुसरीचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं तिसरं कलम सांगतं की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो अस्थिर मनाचा ठरत नाही. तसं ठरवायचा अधिकार सक्षम न्यायालयाला आहे. भाऊ बैठकीत म्हणाला म्हणून ते होत नाही, आणि डॉक्टरांच्या केसपेपरवर झोपेची तक्रार लिहिली म्हणूनही होत नाही. तुमची सही तुमचीच राहते, तुमचा हिस्सा तुमचाच राहतो.

लोकांच्या भीतीवर कायदा चालत नाही, हेही मान्य. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली. तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना उपचाराची गरज असलेला मानसिक आजार होता, आणि त्यातले बहुतेक कुठल्याच उपचाराविना होते. तुमच्या गल्लीतली मोठी माणसं मोजा, दहामागं एक. त्यातला कुणी अंगाऱ्याला जातो, कुणी बाटलीला, कुणी बीपीच्या गोळ्या वाढवून घेतो. शिक्क्याच्या भीतीनं सगळे दुसऱ्याच रांगेत उभे आहेत.

तरीही गावात नको वाटत असेल तर गावात जाऊ नका, यात काही कमीपणा नाही. कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मनोविकार विभाग आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. दोन्हीकडे केसपेपर काढून दाखवता येतं आणि खर्च अगदीच किरकोळ. मिरजेला तर अर्धा जिल्हा दवाखान्यासाठीच येतो. तिथं तुम्हाला कुणी बघितलं तरी गुडघा दाखवायला आला असाल असंच समजेल. समुपदेशनाचं सत्र आता व्हिडिओ कॉलवरही घेता येतं. माझ्याकडे येणारे कितीतरी पुरुष घरापासून दूर गाडी लावतात आणि काचा वर करून गाडीतूनच बोलतात. शेडमधून मात्र बोलू नका. मागाच्या खडखडाटात तुम्ही ओरडून बोलाल आणि जे हळू आवाजातच सांगता येतं ते राहून जाईल.

नेमकं कुणाकडे जायचं, ते आता सांगते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशकानं मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. 'असावं' म्हणते, कारण चार दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावणारेही आहेत. शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली शिकलात, माझ्यासारख्या अडचणीवर काम केलंय का, हे बेधडक विचारा. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. तीन बैठकांत घर जुळवून देतो असं वचन देणारा, दुसऱ्या अशिलांच्या गोष्टी चवीनं सांगणारा, किंवा पहिल्याच दिवशी 'बायकोला सोडा' नाहीतर 'बायकोला घेऊन या, मी समजावतो' म्हणणारा भेटला, तर पैसे द्या आणि उठा.

तुमच्या बाबतीत क्रम स्पष्ट आहे. आधी मनोविकारतज्ज्ञ, कारण झोप गेली आहे, दारू वाढली आहे आणि ते विम्याचं वाक्य आहे. समुपदेशन त्याच्या जोडीनं.

गोळ्या लागतीलच असं नाही. लागल्या तर नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. नेमक्या याच काळात लोक 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागण्याचा धोका असतो तो काही झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या गोळ्यांचा, म्हणून त्या डॉक्टर मोजून आणि थोड्या दिवसांसाठी देतात. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर त्या कधीही आणू नका, आणि दारूबरोबर तर अजिबात नको, ते जिवावर बेतू शकतं. कुठलंही औषध बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. कमी करायचं तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं करतात. 'सुटत नाहीत' ही ओरड बऱ्याचदा अशा एकदम सोडणाऱ्यांकडून येते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं तुम्ही खरं तिथंच अडला आहात. तिसरा माणूस येऊन काय मिटवणार?

दादा, तुमच्या डोळ्यांसमोर भावकीची बैठक आहे. सतरंजी, चहा, मामा, चुलते, एखादे वजनदार पाहुणे. प्रत्येक जण आपली बाजू मांडतो आणि शेवटी कोण चुकलं ते ठरतं. ज्याच्या विरुद्ध ठरतं तो चहा न पिता उठतो. समुपदेशक म्हणजे असाच एक जास्तीचा पाहुणा, फक्त फी घेणारा, असं तुम्हाला वाटतंय. तसं असतं तर मीही नको म्हटलं असतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते. साधी खोली असते. दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या. पाण्याचा ग्लास. घड्याळ असं लावलेलं की दोघांनाही दिसावं, कारण वेळ ठरलेली असते, पाऊण तास किंवा पन्नास मिनिटं. नाव, वय, तातडीला कुणाला कळवायचं, एवढं लिहून घेतात. मग काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही ते समुपदेशक आधीच सांगतो. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. मग विचारतो, 'आज यावंसं का वाटलं?' इथं बहुतेक पुरुष म्हणतात, 'मिसेसनं पाठवलं.' तसं म्हटलं तरी चालतं. नंतर झोप, भूक, आजार, दारू, जीव नकोसा होतो का, घरात कोण कोण.

घरात कोण कोण, याचं आम्ही चित्र काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यांना रेघा, ताणलेल्या नात्याला नागमोडी रेघ. काही वर्षांपूर्वी एक दुकानदार माझ्याकडे यायचे. त्यांना विचारून आणि खुणा बदलून हे सांगते. कागद पूर्ण झाल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. आई-बायको, बाप-भाऊ, भाऊ-बायको, सगळ्या नागमोडी रेघा त्यांच्याच चौकोनावरून जात होत्या. ते म्हणाले, 'म्हणजे सगळ्यांच्या दोऱ्या माझ्याच खिळ्याला.' मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रडले. त्या दिवशी आम्ही पुढं काहीच केलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आईचं बायकोबद्दलचं म्हणणं आई मलाच का सांगते, आणि मी ते ऐकून का घेतो. बैठकीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला तो कागद आठवत होता. आईचं तुमच्याकडे, मिसेसचं तुमच्याकडे, भावाचं तुमच्याकडे, आप्पांचं न बोललेलंही तुमच्याकडे. कर्जसुद्धा तुमच्या नावावर. कोण बरोबर हे समुपदेशक सांगणार नाही. या दोऱ्यांपैकी कुठली तुमची आणि कुठली तुम्ही दुसऱ्याची धरून बसलाय, हे बघायला तो मदत करेल. 'वेगळं निघालो तर गाव म्हणेल' हे तुम्ही इतक्या वेळा मनात घोळवलंय की त्याला आता तुम्ही तपासतच नाही. गाव म्हणजे कोण? किती जण? त्यांनी म्हटलं तर नेमकं काय थांबेल, सूत उधारीवर मिळणं की आणखी काही? कधी कधी तपासल्यावर भीती खरी निघते. मग निदान तिचा आकडा तरी कळतो.

समुपदेशनानं सुताचा भाव उतरणार नाही, हे मला माहीत आहे. कर्जासाठी तुम्हाला चांगला सीए हवा आणि बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. वाटणीचा प्रश्न आलाच तर वकील हवा. ती कामं समुपदेशकाच्या खोलीत होत नाहीत. पण गेले कित्येक महिने तुम्ही ती कामं करू शकला नाहीत, कारण तीनला उठलेला माणूस अकराला बँकेत काय बोलणार?

गुप्ततेचं उत्तर थोडक्यात देते. मनोविकारतज्ज्ञ आणि नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांना त्याच २०१७ च्या कायद्यानं गुप्तता बंधनकारक आहे. समुपदेशकांना त्यांच्या व्यवसायाची नीती बांधते. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, किंवा न्यायालयानं आदेश दिला, तर. भावानं फोन करून विचारलं तर तुम्ही तिथं येता की नाही एवढंसुद्धा सांगत नाहीत.

आता मिसेसबद्दल. त्यांच्या म्हणण्यात तुम्हाला आरोप ऐकू येतोय. मला त्यात वेगळंच ऐकू येतंय. भांडण करून माहेरी गेलेली बाई वकिलाकडे जाऊ म्हणत नाही, कुटुंब न्यायालयात जाऊ म्हणत नाही. तिथंही विवाह समुपदेशक असतात, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानंच ती सोय केली आहे. पण तिथवर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंची कागदपत्रं तयार झालेली असतात. तुमची बायको त्याच्या कितीतरी आधी म्हणतेय की दोघं जाऊ. ज्याला घर टिकवायचंय तोच असं म्हणतो.

पण त्या तांब्याबद्दल बोलावंच लागेल. कुणाला लागलं नाही असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला त्याची लाज वाटते, हे तुम्ही सगळं प्रामाणिकपणे लिहिलंत त्यावरून दिसतं. तरी सांगते, वेगळं राहण्याचा वाद चालू असतानाही त्या तुमच्याबरोबर राहिल्या. गेल्या त्या तांब्याच्या दुसऱ्या दिवशी. भिंतीवर फेकलेली वस्तू घरातल्या बाईला आणि मुलीला एवढंच सांगते, की पुढच्या वेळी भिंत असेलच असं नाही. म्हणून दोघांनी एकत्र बसण्याआधी तुम्ही एकटे काही सत्रं करा, आणि तांब्याची गोष्ट पहिल्याच सत्रात सांगा. शेवटच्या पाच मिनिटांत नको. राग अंगात चढताना आधी काय होतं, जबडा आवळतो, कानशिलं तापतात, आवाज चढतो, हे ओळखायला शिकता येतं आणि त्या क्षणी उठून बाहेर जायला शिकता येतं. ही शिकायची गोष्ट आहे, तुमच्या मागावरच्या कामगारालाही तुटलेल्या तारेला गाठ मारायला कुणीतरी शिकवलेलंच असतं. घरात मारहाण किंवा धाक असेल तर चांगला समुपदेशक जोडप्याला एकत्र बसवतच नाही, आधी तो धाक थांबवतो. खोलीत खरं बोललेल्या बाईला रात्री घरी त्याची किंमत द्यावी लागू नये, म्हणून.

पुढं एकत्र बसाल तेव्हा एक गोष्ट समुपदेशकाला सुरुवातीलाच विचारा. तुमच्यातल्या एकानं त्याला एकांतात सांगितलेलं दुसऱ्याला सांगणार की नाही? प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. ती आधी माहीत असलेली बरी.

आप्पांना आणि भावाला आत्ता नेऊ नका. घरातले सगळे तयार झाले की जाऊ, असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. तिथं सगळे कधीच तयार होत नाहीत आणि जायला तयार असलेला एकटा माणूस दोन-दोन वर्षं वाट बघत बसतो. एकानं वागणं बदललं की इतरांना जुन्या पद्धतीनं भांडणं जमेनासं होतं. भाऊ आवाज चढवेल आणि तुम्ही चढवणार नाही, तेव्हा त्यालाच कळेनासं होईल की आता काय करायचं.

एक माझंच सांगते. आईच्या दीर्घ आजारपणात मी स्वतः समुपदेशनाला गेले होते, हे काम करत असूनही. पहिल्या ठिकाणी मला दोनदा सकारात्मक राहायला आणि पहाटे फिरायला सांगितलं. रात्रभर आईला कूस बदलून देणाऱ्या बाईला पहाटे फिरायला. मी परत गेले नाही, आणि चार महिने कुठंच गेले नाही. ते चार महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं. मग एका मैत्रिणीनं दुसऱ्या बाईंचं नाव सुचवलं. त्या पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, 'रात्रीचं सांगा, दहा वाजल्यापासून.' मी दहापासून सांगत गेले आणि तास संपला. तेव्हा पहिल्या माणसाशी जमलं नाही तर दुसरा शोधा. तीन-चार सत्रांनंतरही आपलं बोलणं पोचत नाही असं वाटलं तर तसं त्यालाच सांगा. सांगितल्यावर पुष्कळदा गाडी रुळावर येते, नाही आली तर तोच दुसरं नाव देतो.

या आठवड्यात एवढं करा. पाकिटातली चिठ्ठी काढा. दोन महिन्यांपूर्वीची असली तरी चालते, तिच्यावर मुदत छापलेली नसते. सोबत ईसीजी आणि इकोचे रिपोर्ट घ्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा करायला लागणार नाहीत. एका कागदावर लिहा: झोप कधी लागते, कधी मोडते, किती घेता, ते विम्याचं वाक्य. समोर बसल्यावर तोंडातून निघालं नाही तर कागद पुढं सरकवा. मी असे बरेच कागद वाचले आहेत.

मिसेसना लांबलचक मेसेज नको. 'मी अमुक तारखेला डॉक्टरांकडे जातोय. आधी माझं बघतो. मग तू म्हणतेस तसं दोघं जाऊ.' एवढंच, आणि ती तारीख पाळा. परत कधी येणार हे त्यात विचारू नका.

मुलीशी बोलायला मात्र कुठल्याही समुपदेशकाची वाट बघायची गरज नाही. एका दुपारी शाळा सुटायच्या वेळेला एसटी स्टँडवर जा, मिसेसना आधी कळवून. तिथं तिला सांगा की त्या रात्री फरशी पुसणं हे तिचं काम नव्हतं, ते बाबांचं होतं. ती काही बोलली नाही तरी बस येईपर्यंत तिच्याजवळ थांबा.